कॅशियर गेली कुठे? सिअ‍ॅटलच्या बिनकाउंटरच्या दुकानाचं प्रकरण

सहा वर्षं मी पुण्यात एका सुपरमार्केटमध्ये बिलिंग सांभाळलं, आधी काउंटरवर बसून आणि नंतर सुपरवायझर म्हणून, आणि त्या सहा वर्षांत दर मीटिंगला वरून एकच वाक्य यायचं, रांग कमी करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे काउंटर चालू असले तरी शेवटची ट्रॉली बिस्किटांच्या रॅकपर्यंत जायची, लोक वैतागायचे, कोणीतरी भरलेली ट्रॉली तशीच सोडून निघून जायचं आणि ते दही-पनीर पुन्हा फ्रीजमध्ये नेऊन ठेवायला माणूस नसायचा. त्यामुळे डिसेंबर २०१६ मध्ये अमेझॉनने तो व्हिडिओ टाकला, ज्यात माणसं दुकानात येतात, सँडविच उचलतात, पिशवीत टाकतात आणि सरळ बाहेर चालू पडतात, तेव्हा आमच्या बिलिंगच्या ग्रुपवर तो दिवसभर फिरत होता. पोरी घाबरल्या होत्या. एकीने विचारलं, सर आपलं काय होणार? मी म्हटलं, अगं ते इकडे यायला वीस वर्षं जातील.

माझं उत्तर चुकलं. ते काम काही वर्षांतच इकडे आलं, दुकान मात्र तिकडेच राहिलं. हे कसं झालं ते नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण आपल्याकडे मशीन आलं की नोकरी गेली एवढंच बोललं जातं आणि या प्रकरणात नेमकं तेवढंच झालेलं नाही.

आधी दुकान कसं होतं ते सांगतो. सिअ‍ॅटलमध्ये अमेझॉनच्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये खाली, साधारण १,८०० चौरस फुटांचं, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या मेडिकल किंवा छोट्या मिनी मार्केटएवढं. नाव अमेझॉन गो. आत शिरताना मेट्रोला असतात तशी गेटं, तिथे फोनमधल्या अ‍ॅपचा कोड दाखवायचा की गेट उघडतं. छतावर शेकडो कॅमेरे आणि शेल्फच्या खाली वजन ओळखणारे सेन्सर. तुम्ही बाटली उचलली की शेल्फचं वजन कमी होतं, कॅमेऱ्याला हात दिसतो आणि सिस्टीम तुमच्या नावावरच्या यादीत ती बाटली टाकते, परत ठेवली की यादीतून काढते. बाहेर पडलात की थोड्या वेळाने फोनवर बिल. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं 'जस्ट वॉक आउट'.

व्हिडिओत म्हटलं होतं २०१७ च्या सुरुवातीला दुकान सगळ्यांसाठी उघडेल, ते उघडलं २२ जानेवारी २०१८ ला. मधलं वर्ष अमेझॉनचे स्वतःचेच कर्मचारी तिथे खरेदी करून बघत होते. तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं की वीसपेक्षा जास्त माणसं एकदम आत आली की किंवा वस्तू जागेवरून हलली की सिस्टीम गोंधळायची. घरची सगळी माणसं एकत्र आली आणि पोरांनी हाताला लागेल ते उचललं तरी तेच. तीन कर्मचाऱ्यांनी पिकाचू या कार्टूनचे पिवळे ड्रेस घालून आत फिरून बघितलं, सिस्टीम फसते का म्हणून, ती फसली नाही. मला हे वाचून खरंच आदर वाटला होता, अजूनही वाटतो, कारण बिलिंगमधल्या माणसाला कळतं की हे किती अवघड आहे. उद्घाटनाच्या दिवशी दुकानात शिरायलाच फूटपाथवर रांग लागली. एका पत्रकार बाईंच्या बिलात दह्याचा डबा आलाच नाही, त्यांनी तसं सांगितलं, तर अमेझॉन गोच्या प्रमुख बाईंनी तो ठेवून घ्या म्हटलं, असं इतकं क्वचित होतं की त्यासाठी वेगळी सोयच केलेली नाही म्हणाल्या. एका डब्याचं ठीक आहे, पण आमच्याकडे रात्री कॅश टॅली करताना पाच रुपये शॉर्ट आले तरी जिच्या काउंटरला आले तिला लिहून द्यावं लागायचं, म्हणून मला ती बातमी अजून आठवते.

आता बिल करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे इथे सांगायलाच पाहिजे कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वस्तू उचलायची, बीप करायचं, पिशवीत टाकायची. बीप हा भाग तर १९७४ पासून मशीनच करतंय, त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ट्रॉय नावाच्या गावात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडने स्कॅन झालं, तिथून पुढे किंमत लक्षात ठेवायचं काम कॅशियरकडे राहिलंच नाही. उरलं ते ठरवायचं काम. ही वस्तू कोणती, किती आणि कोणाची.

आमच्याकडे एक मुलगी होती, भोरकडची, बारावी झालेली, पहिलीच नोकरी. तिच्या काउंटरला मी एका रविवारी मागे उभा राहून बघत होतो. पहिल्या ट्रॉलीत तांदळाची पिशवी आली, स्टिकर साध्या कोलमचं, तिने पिशवी हातात घेतली, दोन बोटांनी दाणा दाबला आणि म्हणाली, काकू हा बासमती आहे, स्टिकर दुसऱ्याचं लागलंय, काट्यावरून बदलून आणा ना. काकूंनी मुद्दाम लावलं की काट्यावरच्या पोराची चूक हे तिने विचारलं नाही, आणि काकूंचाही चेहरा पडला नाही. दुसऱ्या ट्रॉलीत पोराने फोडून खाल्लेल्या चॉकलेटचा नुसता कागद होता, तो तिने आईकडे न बघता स्कॅन केला. तिसऱ्यात शेपूची जुडी, पालकात गुंडाळली गेलेली. तिने वासाने ओळखली. भाज्यांचे कोड तिला पाठ होते, काकडी, दुधी, हिरवी मिरची, ढोबळी, आणि चवथ्या गिऱ्हाईकाने हे नको, हे काढा, ते पण काढा असं सुरू केलं तेव्हा वॉइड मारायला, म्हणजे बिलातून वस्तू रद्द करायला, तिने मला बोलावलं कारण चावी माझ्याकडे असायची. दहा मिनिटं झाली असतील नसतील. या दहा मिनिटांत बीप शंभरेक झाले असतील, निर्णय तिने चार घेतले, आणि पगार खरं तर त्या चारांचा होता जरी कंपनीच्या रिपोर्टमध्ये मिनिटाला किती आयटम एवढंच दिसायचं.

तर अमेझॉनने जे दुकान बांधलं त्यात हे चार निर्णय शक्य तितके लागूच नयेत अशी मांडणी होती. छोट्या गो दुकानांत बहुतेक माल पाकीटबंद, सँडविच, सॅलड, ज्यूस, प्रत्येकाला आपली जागा. फेब्रुवारी २०२० मध्ये सिअ‍ॅटललाच त्यांनी मोठं किराण्याचं दुकान काढलं, १०,४०० चौरस फुटांचं, तिथे भाजी-फळं सुटी होती पण किलोवर नाही, नगावर. एक केळं अमुक, एक कांदा तमुक. काटाच नको म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, मशीनला माणसाचं काम जमत नव्हतं तेव्हा आधी ते कामच बदलून मशीनला जमेल असं केलं गेलं, आणि गिऱ्हाइकाने त्याप्रमाणे वागायचं. आपल्या मंडईत कांदा नगावर विकून बघा. मग जून २०२१ मध्ये सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूला अमेझॉन फ्रेशचं सुमारे २५,००० चौरस फुटांचं दुकान याच पद्धतीवर उघडलं, म्हणजे आता घरचा आठवड्याचा बाजार करणारी कुटुंबं आली, मोठ्या ट्रॉल्या, पोरं, उचललेलं भलतीकडे ठेवणं, सगळं.

पैशाचंही गणित होतं. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये बातमी दिली की अमेझॉन २०२१ पर्यंत अशी ३,००० दुकानं काढायचा विचार करतंय, आणि पहिल्याच दुकानात नुसत्या हार्डवेअरला दहा लाख डॉलरच्या वर गेले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सात कोटी. एका १,८०० फुटांच्या दुकानाला! ३,००० तर सोडाच, गो दुकानं तिशीच्या आसपासच अडकली आणि मार्च २०२३ मध्ये आठ बंद करायची घोषणा झाली, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि खुद्द सिअ‍ॅटलमधली.

मध्येच रोख पैशाचा वाद झाला तो पण सांगतो. अ‍ॅप आणि कार्ड नसेल त्याला गेटच उघडत नाही, मग ज्यांचं बँकेत खातं नाही त्यांनी काय करायचं? फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, सॅन फ्रान्सिस्को, तिन्हीकडे २०१९ मध्ये कायदे झाले की दुकानाने रोख घेतलीच पाहिजे, आणि अमेझॉनलाही त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका दुकानात रोख घ्यायची सोय करावी लागली. म्हणजे पैसे घेणारा माणूस परत उभा राहिला.

आणि आता मूळ गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये 'द इन्फर्मेशन' या अमेरिकन न्यूज साइटने बातमी दिली की अमेझॉन आपल्या अमेरिकेतल्या फ्रेश दुकानांतून जस्ट वॉक आउट काढतंय. त्याच बातमीच्या निमित्ताने दुसरी माहिती जगभर गाजली, की या सिस्टीमच्या मागे भारतात १,००० च्या वर माणसं काम करत होती, आणि २०२२ मध्ये दर १,००० विक्रींमागे सुमारे ७०० माणसाने तपासाव्या लागत होत्या, टार्गेट होतं ५० चं. अमेझॉनने हे नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की भारतातले लोक लाइव्ह व्हिडिओ बघत बसत नाहीत, त्यांचं मुख्य काम सिस्टीमला शिकवण्यासाठी व्हिडिओंवर लेबल लावणं, म्हणजे कोणी काय उचललं, काय ठेवलं ते नोंदवणं, आणि जिथे सिस्टीमला खात्रीने ठरवता येत नाही अशा थोड्याच खरेद्या ते तपासतात. या विभागाचे तेव्हाचे उपाध्यक्ष दिलीप कुमार यांनी तर या बातम्या चुकीच्या आहेत असं स्वतः लिहिलं.

७०० खरे की थोडेच खरे, या वादात मला पडायचं नाही. मला त्यातली दोघांनाही मान्य असलेली गोष्ट दिसते. माणूस आहे, तो लांब आहे, आणि जिथे सिस्टीम अडखळते तिथे निर्णय तो घेतो. बीप मशीनने केले, उरलेले चार निर्णय समुद्रापलीकडे कोणाच्यातरी स्क्रीनवर गेले. बिल यायला कधीकधी तासन्तास लागायचे असंही बातम्यांत होतं, रांग गेली होती ना, ती अशी बिलाच्या मागे जाऊन उभी राहिली.

हे असं का परवडतं ते आमच्या लाइनमधल्या कोणालाही विचारा. अमेरिकेत कॅशियर हा सगळ्यात मोठ्या व्यवसायांपैकी एक, तीस लाखांहून जास्त लोक, त्यातल्या बहुसंख्य बायका. तिथल्या पगारापुढे इथला पगार फार कमी, त्यामुळे निर्णय इथून घेणं स्वस्त पडतं. आपल्याकडे उलट आहे, छताला कॅमेरे लावण्यापेक्षा काउंटरला आणखी दोन मुली बसवणं कितीतरी स्वस्त, म्हणून तर आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतसुद्धा रविवारी रांगा आहेत आणि मुली पण आहेत. टेक्नॉलॉजी कुठे येणार हे ती किती भारी आहे यावर ठरत नाही, समोरच्या माणसाचा पगार किती यावर ठरतं. आमच्याकडच्या मीटिंगांमध्ये हे कोणी मोठ्याने म्हणायचं नाही पण एक्सेल शीटमध्ये असायचं.

फ्रेश दुकानांतून जस्ट वॉक आउट काढून टाकल्यावर त्या जागी काय आलं? डॅश कार्ट. ही अमेझॉनची ट्रॉली, २०२० मध्ये आणलेली, तिला स्क्रीन, कॅमेरे आणि वजनकाटा. गिऱ्हाईक स्वतः वस्तू स्कॅन करून आत टाकतं, सुट्या भाजीचा कोड स्वतः टाकतं, वजन ट्रॉली करते, आणि बिल तिथेच दिसत राहतं. कंपनीचं म्हणणं लोकांना बिल चालू असतानाच बघायला आवडतं, ते खरंही असेल, घरचं बजेट सांभाळणाऱ्या माणसाला एकूण किती झालं हे बाहेर पडल्यावर कळून काय उपयोग. पण बघा ना, काम कुठून कुठे गेलं. आधी काउंटरवरच्या मुलीकडून भारतातल्या स्क्रीनवर, तिथून गिऱ्हाइकाच्या हातात. भोरच्या त्या पोरीला पाठ असलेले कोड आता गिऱ्हाइकाने शोधायचे.

दुकानातली सगळीच माणसं गेली असंही नाही. गो दुकानात स्वयंपाकघरात माणसं होती, शेल्फ भरायला होती, दारात नवख्याला अ‍ॅप समजावायला होती, आणि बिअर-वाइनच्या कोपऱ्यात वय तपासायला एक माणूस कायम उभा, कारण ते काम कायद्याने कॅमेऱ्यावर सोडता येत नव्हतं. जस्ट वॉक आउट मेलंही नाही. स्टेडियम, विमानतळ, हॉस्पिटल अशा ठिकाणी अमेझॉन ते दुसऱ्यांना विकतं, एप्रिल २०२४ पर्यंत १४० च्या वर जागा झाल्या होत्या, आणि तिथे ते चांगलं चालावं हे मला पटतं. मॅचच्या मध्यंतरात पाण्याची बाटली आणि चिप्स, ठरलेला माल, घाईतलं गिऱ्हाईक, शेपू नाही आणि बासमती नाही. सेल्फ चेकआउटचंही, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः बिल करायच्या मशीनचंही, तसंच काहीसं झालंय. अमेरिकेत डॉलर जनरल या स्वस्त दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये सुमारे १२,००० दुकानांतली ती मशीनं काढली किंवा माणसाच्या काउंटरमध्ये बदलली, चोरी आणि घट हे मोठं कारण. इंग्लंडच्या उत्तरेत बूथ्स नावाची १८४७ पासूनची दुकानं आहेत, तेव्हा २८ होती, त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन सोडून सगळीकडे मशीनं हटवली आणि कारणं अगदी आमच्या काउंटरची दिली, सुटी फळं-भाजी मशीनला नावाने ओळखता येत नाही, दारू घेतली की वय बघायला माणूस यावाच लागतो. ठेवली ती दोन, लेक डिस्ट्रिक्टमधली, जिथे पर्यटकांची फार गर्दी असते.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. २०२१ मध्ये तिने आमच्याकडची नोकरी सोडली, दिवसभर उभं राहून पाय सुजायचे आणि बसायला स्टूल मागितलं तर मिळायचं नाही (मी तीनदा लिहून दिलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही आणि त्याची मला आजही लाज वाटते). कॉम्प्युटरचा कोर्स करून तिने खराडीत रात्रपाळीची नोकरी धरली, डेटा लेबलिंगची. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा काम काय असतं ते तिने सांगितलं. परदेशातल्या दुकानांचे छोटे छोटे तुकडे येतात व्हिडिओचे, कोणत्या कंपनीचे ते सांगत नाहीत, चेहरे बहुतेक दिसतच नाहीत, वरून घेतलेलं असतं. एक हात शेल्फकडे जातो. खाली तीन बटणं, उचललं, ठेवलं, दिसत नाही. दिसत नाही हे फार वेळा दाबलं तर मार्क कापतात. पगार आमच्यापेक्षा बरा आहे सर, बसायला खुर्ची आहे, एसी आहे, ती म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणत होती, मला ते खोडायचं नाही.

मग म्हणाली, एकदा एक म्हातारी आली होती तुकड्यात. हातावरून कळतं ना सर, शिरा दिसत होत्या. दोन डबे उचलले तिने, डोळ्यांजवळ नेऊन दोन्हीच्या किमती वाचल्या, एक ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मला कळलं ती पैसे मोजतेय. आपल्या काउंटरला असती तर मी म्हटलं असतं, आजी तो बाजूचा घ्या, त्यावर ऑफर आहे.

मी विचारलं, मग काय केलंस?

ठेवलं दाबलं, म्हणाली, आणि पुढचा तुकडा आला.